आदरणीय नागरिक

“मॅडम, बाहेर मोर्चा आलाय,” नोंदणीच्या खिडकीवरची यास्मिन म्हणाली आणि बंद पडलेल्या संगणकाच्या पडद्यावर पुन्हा एकदा बोटाने टिचकी मारली.

मोर्चा नव्हता. मोर्च्याला घोषणा असतात, फलक असतात, निदान एखादा पुढारी तरी असतो. रुग्णालयाच्या फाटकातून चाळीसेक माणसे पाऊलवाटेवर चालावीत तशी एकामागे एक आत येत होती. पुरुषांच्या खांद्यावर घोंगड्या, बायकांच्या काखेत भाकरीची गाठोडी. सर्वांत पुढे पन्नाशीची एक बाई होती. तिच्या भुवयांवर पिठाची पुसट धूळ बसलेली होती, आणि हातातला मोबाइल तिने कोर्टाचे समन्स धरावे तसा दोन बोटांत धरला होता.

“धाला बोलावलं व्हतं, आलो,” ती व्हरांड्याच्या पायरीवर उभी राहून म्हणाली. “आता बोला, आमच्यातलं कोन मराय लागलंय?”

मी मोबाइल घेतला. ‘आदरणीय नागरिक, आपल्या रक्ततपासणीचा अहवाल तातडीने लक्ष देण्याजोगा आहे. आपण उद्या सकाळी दहा वाजता रुग्णालयात उपस्थित राहावे, ही विनंती.’

वाक्य निर्दोष होते. ते निर्दोष असल्याची मला खात्री होती, कारण ते मी लिहिले होते.

या गोष्टीला आता आठ वर्षे झाली. त्या काळात मी एका समितीवर होते. रुग्णांच्या मोबाइलवर संगणकाकडून आपोआप जाणाऱ्या संदेशांची मराठी तपासणे हे आमचे काम. आधीचे संदेश कुणा यंत्राने केलेले होते: ‘प्रिय वापरकर्ता, तुमचा रक्त अहवाल आहे तयार, कृपया भेट द्या.’ आजारी माणसाला वापरकर्ता म्हणणाऱ्या भाषेवर मी बैठकीत पाऊण तास बोलले. पस्तीस वर्षे भाषाशास्त्र शिकवलेल्या बाईला पाऊण तास म्हणजे प्रस्तावना. समितीने मान डोलावली आणि मजकुराचे सर्वाधिकार मला देऊन टाकले. आपल्याकडे विद्वानाला गप्प करण्याचा हा सर्वांत सोपा उपाय आहे.

मग एका तरुण सदस्याने विचारले, “मॅडम, संदेशात पेशंटचं नाव घालायचं ना?”

“मुळीच नाही,” मी म्हणाले.

कारणे मी दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यांच्या शपथांपासून परवाच्या न्यायनिवाड्यांपर्यंत सगळी दिली. खरे कारण मात्र दिले नाही. मी अकरा वर्षांची असताना जिल्ह्याच्या दवाखान्यात एका शिपायाने आईचा कागद हातात उंच धरला आणि माणसांनी भरलेल्या बोळात आधी तिचे नाव, मग तिचा आजार मोठ्याने वाचला. आई उठली, माझा हात धरून घरी आली आणि त्या इमारतीत पुन्हा गेली नाही. आजार बरा होण्यासारखा होता, हे मला पुढे पुस्तकांतून कळले. म्हणून मी संदेशातले नाव काढून टाकले आणि त्या जागी आदरणीय नागरिकाची प्रतिष्ठापना केली. ज्याचा मोबाइल, त्याचा संदेश, त्याचे गुपित, असा माझा हिशेब होता.

हिशेबात जांभूळसडा नव्हता. तालुक्यापासून नऊ किलोमीटर वर, इकडे ज्याला सडा म्हणतात त्या पठारावरची ती धनगरवाडी. महिन्यापूर्वी तिथे रक्ततपासणीचे शिबिर झाले तेव्हा एकेचाळीस जणांनी नोंदणी केली आणि एकेचाळीस जणांनी एकच मोबाइल नंबर दिला, हौसाबाई झोरे यांचा, म्हणजे पायरीवरच्या त्याच बाईंचा. सड्यावर रेंज येते ती फक्त त्यांच्या पिठाच्या गिरणीच्या कट्ट्यावर. ही यादी मी आदल्याच दिवशी संदेशांचा परिणाम पाहायला आले तेव्हा वाचली होती, आणि तिच्यावर एक बोचरी टीपही लिहून ठेवली होती. टीप अर्थातच सड्यावरच्या लोकांच्या अज्ञानाविषयी होती.

“यास्मिन, कुणाचा रिपोर्ट आहे बघ,” डॉक्टर घोरपडे आतून आल्या. पस्तिशीची, झोप अपुरी पडलेली, कामाला पक्की बाई.

“सर्व्हर डाऊन आहे, मॅडम. सकाळपासून.”

“जिल्ह्याच्या लॅबला फोन?”

“त्यांचंही त्याच सर्व्हरवर. चारपर्यंत येईल म्हणतात.”

“रजिस्टर?”

“एप्रिलपासून बंद केलं ना आपण. पेपरलेस.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. त्यांनी माझा हुद्दा नीट ऐकलेला होता. “मॅडम, तातडीचा शिक्का संगणक उगाच मारत नाही. रक्त सातच्या खाली, नाहीतर साखर चारशेच्या वर. असा माणूस नऊ किलोमीटर उतरून आलाय. तो आज न सापडता परत चढायला लागला, तर वाटेतच बसेल. तुमचा नागरिक मला शोधून द्या.”

 

मार्ग मात्र त्यांनीच काढला. बोटाच्या थेंबावर रक्त आणि साखर मोजणारी दोन छोटी यंत्रे होती, पट्ट्याही पुरेशा होत्या. व्हरांड्यात टेबल मांडले, सगळ्यांची रांग लावली. परिचारिका बोट टोचायची, डॉक्टर आकडा वाचायच्या, यास्मिन वहीच्या पाठकोऱ्या पानावर लिहायची.

“अकरा पॉइंट दोन! साखर एकशे चार!”

“म्हंजी पास का नापास?” एका म्हाताऱ्याने विचारले.

“पास, बाबा.”

“लिवून द्या तसं. आमच्या घरी कुनी इस्वास ठेवत न्हाई.”

रांग हसली. मागून कुणीतरी म्हणाले, “तात्याला रगात कुठलं? ताकच निगंल.” डॉक्टरांच्या टोल्याचा माझा राग हळूहळू निवळत चालला होता, आणि त्या जागी दुसरा, अधिक थंड राग जमत होता. एका माणसाला बोलावले तर चाळीस यावेत! आपले नाव नाही, तरी निरोप आपलाच असावा असे चाळीस माणसांना वाटावे! साक्षरतेवर उधळलेल्या दशकांविषयी एक लांबलचक वाक्य मी मनात जुळवत होते. त्यात दोन उपवाक्ये होती आणि एक उपरोध.

“दहा पॉइंट नऊ! साखर नव्वद!”

चाळिसावे बोट पावणेबाराला टोचले. चाळीसही जण पास.

“एकेचाळीस नावं आहेत,” मी हौसाबाईंना म्हणाले. “एक कोण राहिलं?”

“ऱ्हायलं आसंल कुनी गुरांमागं.”

“कोण ते सांगा ना.”

“बाई,” हौसाबाई शांतपणे म्हणाल्या, “गिरणीत एवढी डबी येत्यात. कुनाच्या डब्यात किती दानं, ह्ये म्या कवा दुसऱ्याला सांगत न्हाई.” आणि त्यांनी यास्मिनच्या हातातल्या वहीकडे असे पाहिले की तिने ती मिटली.

त्या नजरेचा अर्थ मला लागला नाही. लागायला हवा होता.

सर्व्हरची चौकशी करायला मी मोबाइल घेऊन फाटकाकडे गेले. फाटकाजवळच्या करंजाखाली घोंगड्यांचा आणि काठ्यांचा ढीग होता, आणि त्यांची राखण करत एक पोरगी बसली होती. तेवीस-चोवीस वर्षांची. मी जवळ जाताच तिने तोंडातले काहीतरी घाईने गिळले. मुठीत चुलीच्या भाजक्या मातीचा तुकडा होता. अंगात रक्त नसलेल्या माणसाला माती खावीशी वाटते, हे मी तीन भाषांत वाचलेले होते. प्रत्यक्ष पाहिले ते तेव्हाच.

“तू रांगेत नव्हतीस.”

“सामान ऱ्हाखते.”

“नाव काय तुझं?”

तिने मूठ पदराखाली घेतली. मी खाली तिच्याशेजारी बसले. आयुष्यातली बरीच वर्षे व्यासपीठावर गेली असल्यामुळे जमिनीवर बसायला मला वेळ लागला. तिने आधाराला हात दिला. हात गार होता, नखे पांढरी होती.

“बोट टोचायची भीती वाटते?”

“बोटाचं काय त्यात.” मग, व्हरांड्याकडे बघत, “तितं मोट्यांदा बोलत्यात.”

 दीड तास मी त्या टेबलाशेजारी उभी होते. मोठ्याने वाचलेला प्रत्येक आकडा मी ऐकला होता. आणि अकरा वर्षांची एक मुलगी आईचा हात धरून माझ्यासमोरून निघून गेली होती, ती मला दिसली नव्हती.

“आता मोठ्यांदा कुणी बोलणार नाही,” मी म्हणाले. “कितवा महिना?”

तिने दचकून माझ्याकडे पाहिले, मग मान खाली घातली. “चौथा. मालकांना ठाव हाय, दुसऱ्या कुनाला न्हाई. सासूबाईला तर न्हाईच. पाचवा लागल्याबिगर आमच्यात बोलत न्हाईत. आदी दोनदा बोलले, दोनी ऱ्हायली न्हाईत.” तिने मुठीतली माती पदराच्या गाठीत परत बांधली. “तो निरोप माजाच हाय, बाई. सडा उतरताना तीनदा आंधारी आली. पन रांगेत उबं ऱ्हाऊन आकडा भाईर पडला, मंग डाक्तरीन इचारनार, कितवा म्हयना. आन सासूबाई शेजारी.”

ती बायजा झोरे. रुग्णालयाच्या व्हरांड्यात जायला ती तयार नव्हती. डॉक्टर फाटकाशी आल्या असत्या, तर चाळीस माना त्यांच्यामागे वळल्या असत्या. दोघींच्या मध्ये अंतर होते साठ पावलांचे.

मी डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावला.

“मॅडम, तुम्ही फाटकातून मला फोन करताय?”

“कानात तार घाला आणि औषधांच्या खोलीत जाऊन दार लावा,” मी म्हणाले. “तुमचा नागरिक सापडला.”

मग मोबाइल बायजाच्या हातात दिला. डॉक्टरांचा आवाज एकदम बदलला. व्हरांड्यात आकडे वाचणारी बाई ती हीच, यावर माझा विश्वास बसेना.

“बायजा, मी एकटी आहे इथे. तू बोलशील ते माझ्याच कानात येतं. डोळ्याची खालची पापणी बोटाने खाली ओढ बघू. हां. मोबाइल जवळ आण. आता जीभ दाखव.” बायजाने जीभ दाखवली. “धाप लागते? पायावर सूज? रक्त जातंय का कुठून? पोटात दुखतं?”

बायजा एकेका प्रश्नाला उत्तर देत गेली. समोर माणूस नसताना ती किती मोकळेपणी बोलत होती! यंत्रामुळे माणसे दुरावतात, असे मी एका ग्रंथात सव्वाशे पाने लिहिलेले आहे. त्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती मी पुढे निघू दिली नाही.

“ऐक,” डॉक्टर म्हणाल्या. “तुझ्या अंगात रक्त फार कमी आहे. दोघांना पुरण्यासारखं नाही. पण तू वेळेवर आलीस. आधी आत नीट तपासून बघते, मग सलाइनमधून लोहाचं औषध देते, आठवड्याने पुन्हा एकदा. फक्त आज सडा चढायचा नाही. उद्यापर्यंत इथे राहायचं.”

“ऱ्हायले तर कळंल की समद्यांना.”

“न्हाई कळायचं,” मागून आवाज आला. हौसाबाई कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या, देव जाणे. त्यांनी वाकून मोबाइलच्या पडद्यात तोंड घातले. “ओ डाक्तरीन बाई, आत खाटा किती?”

“बायकांच्या आठ. का?”

“आटीच्या आटी लागतील.” आणि माझ्याकडे वळून, आवाज न चढवता, “आमाला वाटलं, शिकल्याली मानसं हायती, आत न्हेऊन तपासत्याल. तुमी तर लिलाव मांडला.”

त्या व्हरांड्यात गेल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “बायकांनू, आनिक येक तपासनी हाय. आत, दार लावून. येकेकीनं जायाचं. त्यातल्या आटजनींना आज हितंच ऱ्हावं लागंल. बाप्यांनी भाकरी खाऊन वाट धरायची, धारा काडायच्यात.”

‘कसली तपासणी’ असे कुणीही विचारले नाही. मला याचे नवल वाटले. सरकारी रुग्णालयात एवढे निमूट चाळीस लोक मी पाहिले नव्हते.

“म्या ऱ्हाते,” म्हणत सर्वांत आधी एक म्हातारी पुढे झाली. काटक, डोळे बारीक केलेली. ती ठकूबाई, बायजाची सासू. पाठोपाठ आणखी पाच, मग हौसाबाई. आणि शेवटी, घोंगड्यांचा ढीग दुसऱ्या कुणाच्या हवाली करून, बायजा. आठजणींपैकी एक. दाराआड काय झाले ते तिला, डॉक्टरांना आणि परिचारिकेला ठाऊक. दुपारी दोन वाजता आठही खाटांवर बायका आडव्या होत्या, आठही खाटांना पडदे लावलेले होते, आणि पडद्यांआडून गप्पांचा असा गलका चालला होता की औषधाला आलेले लोक थांबून ऐकत होते.

चार वाजता सर्व्हर आला. यास्मिनने यादी उघडली. एका ओळीवर लाल पट्टा होता: बायजा झोरे, सहा पॉइंट एक. यास्मिनने वाचायला तोंड उघडले, मिटले, आणि पडदा माझ्याकडे फिरवला. त्या दिवशी आम्ही दोघी एकाच शाळेत शिकत होतो.

संध्याकाळी नळावर ठकूबाई भेटल्या. तांब्या भरत होत्या. मी काहीतरी बोलायचे म्हणून म्हणाले, “तुम्हाला उगाच राहावं लागलं.”

“उगाच कशापाई? सून आत हाय की माजी.”

 त्यांनी तांब्या खाली ठेवला.

“चौता हाय,” त्या म्हणाल्या. “मला दुसऱ्यापासनं ठाव हाय. चुलीचा कोपरा कोन उकरतंय, ह्ये मला कळत न्हाई व्हय?”

“मग तिला बोलला का नाहीत?”

“तिनं नेम धरलाय न्हवं, पाचव्यापत्तूर बोलायचं न्हाई म्हनून. मला कळलंय आसं तिला कळलं, तर नेम मोडला की. दोनदा हात पोळल्याली पोर हाय ती.” त्यांनी पदराने तांब्या पुसला. “काल हौसानं गिरणीत निरोप वाचला. नाव न्हाई, गाव न्हाई. धाजनी व्हत्या तितं. म्या मनात म्हनलं, ह्यो आमच्या बायजाचा. आता तिला येकटीला खाली धाडली, तर वाडी इचारनार, का गेली? म्हनून म्या हौसाला म्हनलं, निरोपात नाव न्हाई, तर समद्यांनीच जायाचं.”

“म्हणजे… चाळीस माणसं…”

“व्हय.”

“त्यांना तुम्ही काय सांगितलंत?”

“काय सांगायचं? हौसा म्हनली, कुनाचं तरी नाव झाकायचंय, चला. आली.”

“कुणाचं ते विचारलं नाही कुणी?”

ठकूबाईंनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत तुच्छता नव्हती, कीव होती, आणि ती अस्सल होती. “आवं, त्येच इचारायचं आसतं, तर आली कशाला आसती?”

त्यांनी तांब्या उचलला आणि सुनेच्या पडद्याशेजारच्या, आपल्या पडद्याआड गेल्या.

मनातले ते लांबलचक वाक्य, दोन उपवाक्यांचे आणि एका उपरोधाचे, अजून तसेच होते. त्याचा कर्ता तेवढा बदलावा लागला. गोपनीयतेवर मी आयुष्यभर वाचले, आणि नाव झाकायचे म्हणजे ते खोडायचे, एवढेच शिकले. नाव झाकायला त्याच्याभोवती चाळीस माणसे उभी करता येतात, गुरे सोडून, नऊ किलोमीटर चालून, हे माझ्या वाचनात कुठे आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठजणी निघाल्या. डॉक्टरांनी बायजापुरती जीप सड्याखालच्या वळणापर्यंत द्यायचे ठरवले होते. आठजणी तीत बसल्या. मी हौसाबाईंना हाक मारली.

“दर वेळी चाळीसजण यायला नकोत,” मी म्हणाले. “नाव तर घालायचं नाही. मग निरोप कुणाचा ते कसं कळावं? तुम्ही सांगा, मी लिहून घेते.”

“त्यात काय? डब्याला खून नसती का?” त्या म्हणाल्या. “कुनी चुन्याचं बोट वढतं, कुनी चिंदी बांदतं. पीठ कुनाचं, ह्ये त्या खुनंला ठाव. तशी ज्येनंत्येनं आपली खून डाक्टरला गुपचूप सांगून ठिवायची. निरोप आला की म्या कट्ट्यावर खून वाचनार. ज्याची आसंल त्यो गप उटून चालाय लागंल. मलाबी कळायचं न्हाई.” मग जीपकडे वळत, “आन त्ये आदरनीय का काय, त्ये काडा. त्यानं आदी घाबराय हुतं.”

मी ते काढले. समितीत त्यासाठी मला फार बोलावे लागले नाही. सोपे मराठी कुणी अडवत नाही. वर्षभरात नोंदणीच्या अर्जावर ‘तुमची खूण’ असा एक रकाना आला. आता तो इतर तालुक्यांतही आहे, आणि तो कुणी सुचवला हे कुठेही नोंदलेले नाही, ते योग्यच आहे.

बायजाने आपली खूण मला जीपच्या पायरीवर कानात सांगितली होती. त्या रकान्यात भरलेली ती पहिली. डॉक्टर ती जाणतात, आणि मी.

त्याच वर्षी श्रावणातल्या एका दुपारी मी घरी प्रबंध तपासत बसले होते. मोबाइल वाजला. हौसाबाईंच्या नंबरावरून निरोप होता. कुणीतरी कट्ट्यावर त्यांच्याकडून टाइप करून घेतलेला असणार:

‘कवडी आनि तिचं पिल्लू दोगं बी बरी हायती.’

पत्ता नव्हता, संबोधन नव्हते, खाली नाव नव्हते. माझ्या हातात लाल पेन होते. मी त्याचे टोपण लावले आणि तो निरोप पुन्हा एकदा, या वेळी मोठ्याने, वाचला.